घाटात तापणारी गाडी आणि बदललेल्या भागांची यादी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी भरपूर पळालेल्या, दुसऱ्या हातच्या मोठ्या गाड्यांविषयीची तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. तशीच तक्रार याआधीही अनेकांनी कळवली होती, त्या वाचकांनीही ते आपल्यासाठीच आहे असे समजावे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातून २०१३ सालची सात आसनी डिझेल एसयूव्ही घेतली. त्या वेळी मीटरवर १,८५,००० किलोमीटर होते, आज २,३१,००० आहेत. मुलगी गोव्यात साखळीला दिली असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाटाने जाणे-येणे होते. जाताना काही त्रास नाही, परंतु परतताना घाट अर्धा चढून झाला की तापमानाचा काटा वर सरकतो, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीची ओढ संपते. पंधरा-वीस मिनिटे थांबले की पुन्हा चालू लागते. रोज सकाळी सुरू करताना दोन-तीन मिनिटे पांढरा धूर येतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आठवड्याला पाऊण लिटर कमी होते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. आतापर्यंत दोन इंजेक्टर, टर्बो आणि रेडिएटर बदलले, ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) साफ करून घेतला, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधील पातळ थर) दोनदा बदलले आणि मेस्त्रींच्या सल्ल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. एकूण १,४०,००० रुपये गेले. आता पूर्ण इंजिनकामाचे ९०,००० सांगतात किंवा वापरलेले इंजिन ६०,००० रुपयांत बसवून देतो म्हणतात. विकायला काढली तर २,४०,००० च्या वर कोणी बोलत नाही. घरचे म्हणतात, हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा? आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : आपल्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा वाचले. कूलंट कमी होते, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. सुरुवात इथूनच केली पाहिजे, कारण बाकीची बहुतेक लक्षणे या एका वाक्याला टांगलेली दिसतात. कूलंट बंद मार्गातून फिरत असते. ते जमिनीवर पडत नसेल आणि तरीही आठवड्याला पाऊण लिटर नाहीसे होत असेल, तर ते इंजिनाच्या आत कुठेतरी शिरून वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर जात आहे. सकाळचा पांढरा धूर बहुधा तीच वाफ आहे. थंड इंजिनात नीट न जळलेल्या डिझेलचा धूरही पांढराच असतो, परंतु तो डोळ्यांना चुरचुरतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो. कूलंटच्या वाफेला किंचित गोडसर वास असतो. उद्या सकाळी मुलाला गाडी सुरू करायला सांगून आपण स्वतः मागे, थोड्या अंतरावर उभे राहून हे पाहावे.

कूलंट आत शिरण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. पहिली हेड गॅस्केटची किंवा हेडला गेलेल्या तड्याची, आणि ती आपल्या मेस्त्रींनी दोनदा तपासली आहे. दुसरी वाट ईजीआर कूलरची, तिचा आपल्या यादीत उल्लेख नाही. आपण व्हॉल्व्ह साफ करून घेतला आहे. कूलर हा त्याच्या शेजारचा वेगळा भाग असतो. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही हिस्सा प्रदूषण कमी करण्यासाठी पुन्हा आत घेतला जातो. त्याआधी तो थंड व्हावा म्हणून एका लांबट धातूच्या डब्यातील बारीक नळ्यांमधून नेतात आणि त्या नळ्यांभोवती कूलंट खेळवतात. वर्षानुवर्षे तापून आणि निवून त्या नळ्यांच्या जोडांना केसासारखे तडे जातात. गाडी रात्री उभी केल्यावर कूलंटच्या मार्गात दाब काही काळ टिकून राहतो, त्या दाबाने थोडे थोडे कूलंट वायूच्या नळीत झिरपते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला धूर होऊन निघून जाते. बाहेरून काहीही दिसत नाही. चढावर भरधाव काम करणाऱ्या टर्बो इंजिनात उलटेही घडते : एक्झॉस्टच्या बाजूचा दाब वाढतो, गरम वायू त्याच तड्यातून कूलंटमध्ये घुसतात, पाण्यात हवेचे बुडबुडे होतात आणि काटा चढू लागतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतके सविस्तर लिहितो. बेळगावच्या उद्यमबागेत माझे छोटे वर्कशॉप होते तेव्हा नेमक्या याच लक्षणांची एक गाडी आली होती. मी हेड उतरवले, फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) पाठवले, नवे गॅस्केट घालून गाडी दिली. तीन आठवड्यांत ती परत आली. पुन्हा हेड उतरवले. दुसऱ्यांदाही गॅस्केटवर जळाल्याची खूण सापडेना, तेव्हा हाताखालचा पोऱ्या सहज म्हणाला की हा डबा एकदा बघूया का. कूलरची एक बाजू रबराने बंद केली, बादलीभर पाण्यात तो बुडवला आणि दुसऱ्या बाजूने कंप्रेसरची हवा बेताने सोडली. क्षणभर काही झाले नाही. मग एका कोपऱ्यातील जोडातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. दोन वेळा हेड उतरवल्याची मजुरी मी त्या गिऱ्हाइकाकडून घेतली नाही, पण त्याचे जे दिवस वाया गेले ते काही मला परत करता आले नाहीत.

आपल्या गाडीतही तेच आहे असा माझा दावा नाही. पत्रावरून निदान करणे धोक्याचे असते. परंतु पुढचा रुपया खर्च करण्यापूर्वी चार गोष्टी मोजून घ्याव्यात आणि त्या ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने घ्याव्यात, कारण स्वस्त तपासणी आधी आणि पाना नंतर लागला पाहिजे.

पहिले काम घरचे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर, कूलंटच्या बाटलीवर पातळीशी एक चिकटपट्टी लावा आणि रोज सकाळी त्याच वेळी पाहून वहीत तारीख, पातळी आणि आदल्या दिवशीचे किलोमीटर लिहा. हजेरीपत्रक ठेवण्यात आपली हयात गेली आहे, तेव्हा हे आपल्याला जड जाणार नाही. त्याच वेळी रेडिएटरचा वरचा रबरी होज हाताने दाबून पाहा. रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचा होज मऊ लागला पाहिजे. तो टणक असेल आणि झाकण सोडताना फुस्स आवाज आला, तर कूलंटमध्ये वायू शिरत आहे हे नक्की. झाकण फक्त थंड इंजिनावरच उघडावे. घाटात तापलेल्या गाडीचे झाकण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत.

दुसरे काम गॅरेजमधील आहे. कूलंटच्या मार्गाला हातपंपाने, झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब देऊन गाडी रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी दाब किती उतरला ते पाहायचे. याबरोबर निळ्या द्रवाची चाचणी करतात. कूलंटच्या तोंडाशी काचेच्या नळीत तो द्रव धरला आणि इंजिनातील जळका वायू त्यातून गेला की निळा रंग हिरवट किंवा पिवळा होतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की रंग असा बदलला म्हणजे हेड गॅस्केटच गेले असे होत नाही. तडकलेल्या कूलरमधूनही तोच वायू येऊ शकतो. आपल्याकडे दुसऱ्यांदा हेड उतरवले गेले ते बहुधा याच घाईत. म्हणून तिसरे काम म्हणजे कूलर काढून बादलीत तपासणे. तो काढणे अवघड असेल तर पाण्याच्या दोन्ही नळ्या कूलरपासून सोडवून एकमेकींना जोडाव्यात, वायूचा मार्ग पातळ पत्र्याने तात्पुरता बंद करावा आणि चार-पाच दिवस खानापूर ते बेळगाव एवढीच ये-जा करावी. इंजिनाचा दिवा लागेल, त्याची या काळापुरती चिंता करू नये. वहीतील पातळी स्थिर राहिली आणि सकाळचा धूर थांबला तर गुन्हेगार सापडला. चाचणी झाल्यावर मात्र नवा कूलर बसवून मार्ग पूर्ववत करावा. पत्रा तसाच ठेवून गाडी चालवणे काही गॅरेजांत सर्रास सुचवले जाते, पण ते प्रदूषण नियमांत बसत नाही.

चौथे काम थर्मोस्टॅटचे. तो काढून टाकला की गाडी थंड राहते, ही समजूत आपल्या भागात पूर्वीपासून आहे आणि जुन्या पेट्रोल गाड्यांनी ती पक्की केली आहे. आजच्या अनेक इंजिनांतील थर्मोस्टॅट दोन कामे करतो : गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच इंजिनात परत फिरते. म्हणजे सपाटीवर इंजिन हवे तितके तापत नाही, डिझेल जास्त जाते आणि नेमक्या चढावर, जिथे पाण्याचा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तिथे ते कमी पडते. साखळी समुद्रसपाटीच्या जवळ आहे आणि बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. ही सगळी उंची सात माणसे आणि सामान घेऊन, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नसताना चढायची आहे. तेव्हा नवा थर्मोस्टॅट बसवाच. त्याबरोबर रेडिएटरसमोरील एसीचा कंडेन्सर सोडवून मधली फट पाहावी. रेडिएटर नवा असला तरी जांबोटीच्या रस्त्याची लाल माती, गवताचे तुकडे आणि किडे त्या फटीत नमद्यासारखी दाबून बसलेली असतात. पंखा पट्ट्यावर चालणारा असेल तर इंजिन चांगले तापल्यावर ते बंद करून पाहावे. पंखा एक-दोन फेऱ्यांत थांबला पाहिजे. तो निवांत गरगरत राहिला तर त्याचे व्हिस्कस कपलिंग (इंजिन तापल्यावर पंख्याला घट्ट पकडणारा जोड) संपले आहे.

गाडीची ओढ संपते याचे कारण इंजेक्टर किंवा टर्बो असावे असे मला वाटत नाही. तापमान मर्यादेबाहेर गेले की इंजिनाचा संगणक स्वतःला वाचवण्यासाठी डिझेल कमी करतो आणि गाडी रांगू लागते. थांबल्यावर ती पुन्हा चालते, याचाही अर्थ तोच. स्कॅनर लावला असता आलेल्या क्रमांकावरून भाग बदलले गेले असावेत. तो क्रमांक फक्त एवढेच सांगतो की अमुक एक मोजमाप ठरलेल्या हद्दीत नाही. रेलमधील (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतील) डिझेलचा दाब कमी आहे असे त्याने सांगितले, तर त्यामागे तुंबलेला फिल्टर असू शकतो, नळीतून शोषली जाणारी हवा असू शकते, थकलेला पंप असू शकतो किंवा गळका इंजेक्टर असू शकतो. इंजेक्टरवर संशय असेल तर चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. जी बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर दोषी. ही तपासणी डोळ्यांसमोर झाली होती का, हे मेस्त्रींना जरूर विचारावे. विचारण्यात त्यांचा अपमान नाही. चांगला मेस्त्री बाटल्या स्वतःहून दाखवतो.

या सर्वांतून कूलर निर्दोष ठरला, तर तिसऱ्यांदा हेड उतरवणे आलेच. मग तीन अटी घालाव्यात. हेडइतकाच ब्लॉकचा पृष्ठभागही सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) लावून मोजला पाहिजे आणि हेडला तडा आहे का हे दाबाखाली तपासले पाहिजे. बेळगावात हे काम करणारी मशीन शॉप आहेत, त्यासाठी लांब जायला नको. हेडचे बोल्ट नवे घ्यावेत, कारण अनेक आधुनिक इंजिनांत ते आवळताना ताणले जातात आणि ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. आणि गॅस्केटची जाडी पाहावी. अनेक डिझेल इंजिनांसाठी एकाच गॅस्केटच्या दोन-तीन जाड्या मिळतात, त्या कडेला असलेल्या खाचांवरून ओळखतात आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून निवडतात. दुकानात हाताला लागले ते गॅस्केट घातले की काही महिन्यांत पुन्हा तेच दुखणे सुरू होते. हेड उतरवण्याआधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजून घ्यावे. ते ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणाऱ्या प्लगच्या) भोकातून मोजतात. एवढ्या जुन्या इंजिनात ग्लो प्लग सोडवताना तो हेडमध्येच तुटण्याची भीती असते, म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडून, इंजिन कोमट असताना, न झटकता तो फिरवावा.

आता पैशांचे. गेलेले १,४०,००० रुपये हिशेबातून काढून टाका. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. नीट सांभाळलेल्या डिझेल इंजिनाला २,३१,००० किलोमीटर हे काही मरणाचे वय नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखे आणि पुस्तकात दिलेल्या मर्यादेत असेल, तेल फारसे जळत नसेल, तर ९०,००० चे इंजिनकाम करू नये. दुखणे न ओळखता नवे रिंग-पिस्टन घातले तर तेही त्याच उष्णतेत भाजून निघतील, कारण कूलर आणि पंखा इंजिनकामाच्या अंदाजात धरलेले नसतात. वापरलेल्या इंजिनाचा मार्ग मला मुळीच पसंत नाही. ते किती पळाले हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय इंजिन बदलल्याची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर करून घ्यावी लागते. बिल नसलेल्या इंजिनाची अशी नोंद होत नाही, आणि मग अपघाताच्या वेळी विमा कंपनी इंजिनाचा क्रमांक पाहून फाईल बाजूला ठेवते.

माझ्या हिशेबाने निदान आणि दुरुस्ती मिळून आजच्या किमतीच्या पाचव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे ५०,००० पर्यंत जाणे रास्त आहे. त्यात घाट न तापता चढला तर गाडी ठेवावी. कॉम्प्रेशनच खाली आले असेल तर जसे आहे तसे सांगून ती विकावी आणि महिन्यातून एकदा साखळीला भाड्याच्या गाडीने जावे. तोपर्यंत चढावर काटा हलू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि काटा लाल रेषेला पोहोचण्याआधीच जागा पाहून थांबावे. ओहोळाचे पाणी थंड म्हणून तापलेल्या इंजिनात ओतू नये.

प्रश्न : आम्ही चिकोडी तालुक्यातील शेतकरी आहोत. कोल्हापूरची एमएच ०९ क्रमांकाची, २०१४ ची डिझेल एसयूव्ही पाहिली आहे. मीटरवर ९८,००० किलोमीटर दिसतात. मालक म्हणतात, मीटर अस्सल आहे आणि पासिंग महाराष्ट्राचे असले तरी इकडे कोणी विचारत नाही. काय पाहून घ्यावी?

उत्तर : मालकांच्या दोन विधानांपैकी दुसरे आधी घेतो. निपाणीच्या बाजारात कोल्हापूरच्या एमएच ०९ आणि चिकोडीच्या केए २३ क्रमांकाच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, म्हणून हा नियम सहसा कोणाला टोचत नाही. टोचतो तो विकताना किंवा अपघातानंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल, तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओकडून नमुना २८ मध्ये ना हरकत प्रमाणपत्र काढावे लागते आणि त्यावर चासी क्रमांकाचा पेन्सिलने उतरवलेला ठसा लागतो. मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३० वेगळे. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार इथे भरावा लागेल, तो आकडा चिकोडीच्या कार्यालयात सौद्याआधी विचारून घ्यावा आणि किमतीत धरावा. चार लाखांची स्वस्त वाटणारी गाडी तिथेच महाग होते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) गाडीबरोबर येत नाही, तो त्यांच्याकडेच राहतो. त्यांचा फास्टॅगही बंद करून घ्यावा, नाहीतर कोगनोळीच्या नाक्यावर पैसे त्यांच्या खात्यातून कापले जातील आणि भांडण तुमच्याशी होईल.

आता मीटर. एवढ्या वर्षांत ९८,००० अशक्य नाही, पण भाड्याने फिरलेल्या गाडीचे मीटर मागे नेणे हा जुना धंदा आहे. ब्रेकच्या पॅडलचे रबर, स्टीअरिंगचे कातडे आणि चालकाच्या सीटची उतरण्याच्या बाजूची कड पाहा. आकडा ९८,००० आणि पॅडल गुळगुळीत असे असेल तर मला शंका येते. पॅडलवर कोरे करकरीत नवे रबर असेल तर ती आणखी वाढते. खात्रीचा मार्ग म्हणजे मालकांना बरोबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाणे आणि चासी क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहणे. मालक तिथे यायला तयार नसतील तर उत्तर तिथेच मिळाले.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आधी न कळवता जमले तर उत्तम. बॉनेटवर हात ठेवा. तो कोमट लागला तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली आहे आणि थंड इंजिनाचा धूर तुम्हाला पाहायला मिळणार नाही. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसता कामा नये. इंजिन चालू असताना ते झाकण सोडून भोकावर नुसते उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर हरकत नाही, उडून पडू लागले तर पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून वायू खाली येत आहे. कूलंटच्या बाटलीत रंगीत कूलंट आहे की साधे पाणी तेही पाहा. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये क्षार बसलेले असतात आणि ते सपाटीवर कळत नाही. म्हणून चार माणसे बसवून, एसी लावून, निपाणीहून तवंदी घाट चढून या आणि काटा कुठे राहतो ते पाहा. मालक या फेरीला नको म्हणाले तर आपणही गाडीला नको म्हणावे.

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही २०११ ची आहे. अथणी भागात चालते, हजार किलोमीटरला साधारण ३०० मिलिलिटर तेल खाते. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या बंद होणार असे ऐकतो. तिच्यावर आता खर्च करावा का?

उत्तर : दहा वर्षांची अट दिल्ली राजधानी परिसरापुरतीच घातली गेली होती. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश त्याच भागासाठी होते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे तपासणी करून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण होते. नूतनीकरणाची केंद्राची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. त्याशिवाय राज्याचा हरित कर भरावा लागतो.

हजाराला ३०० मिलिलिटर तेल या वयाच्या इंजिनाला मी फारसे मानत नाही. अर्ध्या लिटरच्या वर गेले तर चौकशी सुरू करावी, आणि तीही रिंगांपासून नव्हे तर टर्बोपासून. टर्बोचा होज सोडवून आत बोट फिरवले की तेल किती येते ते समजते. हलकासा ओलावा चालतो, तळाशी तेल साचलेले असेल तर टर्बोचे सील आणि इंजिनाची श्वासनळी (आतील वाफ बाहेर सोडणारी नळी) पाहावी लागते. सध्या दर दुसऱ्या रविवारी डिपस्टिक पाहून तेल भरत राहा आणि मोठा खर्च नूतनीकरणाची तपासणी होईपर्यंत पुढे ढकला. अर्ज नमुना २५ मध्ये करतात आणि तो मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांतच घेतला जातो, त्यामुळे आरसीवरची तारीख आजच पाहून ठेवा.